मान पडते तो पाय

वालूरच्या शिवारात जनावर लंगडलं, की लोक आधी सूर्यभानला बोलवायचे आणि मग डॉक्टरला. तो जनावर दहा पावलं चालवायचा आणि ठोकून सांगायचा, "मान पडती तो पाय दुखायलाय." बापाकडून आलेली विद्या. अर्ध्या हळकुंडानं पिवळे होणारे गावोगाव असतात, याला तर पाव हळकुंडही पुरलं होतं.

मग त्याची स्वतःचीच घोडी लंगडायला लागली. वरातीची चांदणी. एकुलत्या एका पोरानं, सिद्धोधननं, बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. सिद्धोधन आषाढात तापानं गेला, अठराव्या वर्षी. तेव्हापासून सूर्यभानला भूक लागत नव्हती की राग येत नव्हता. घोडीचे खूर साफ करणं सुटलं, ती आपल्याच शेणामुतात उभी राहायची.

त्याची बायको सगुणाबाई मात्र पहाटे भाकरी थापायची, रोजानं कापूस वेचायला जायची आणि घरात मान खाली घालून वावरायची. तापाचा पहिला दिवस तिनंच गोळी देऊन घरी काढला होता. ती खाली घातलेली मान सूर्यभानला कबुलीच वाटली. "तू येळेवर नेलं आसतं तर वाचला आसता," एवढं एकदाच म्हणाला. नंतर चार महिने तो बायकोशी बोललाच नाही.

घोडीची मान उजव्या पायावर पडत होती. त्यानं विळा लाल करून उजव्या पायाला डाग दिला. आठ दिवसांनी दुसरा. घोडी तळमळली, तरी त्यानं विळा दाबून धरला. उतार पडेना तेव्हा त्यानं तिला बाजार दाखवायचं ठरवलं. सगुणाबाईनं गुपचूप परभणीला फोन करून डॉक्टर पंकजाला बोलावलं.

डॉक्टरनं घोडी डांबरी रस्त्यावर चालवायला लावली. "डावा पाय."

"न्हाई मॅडम. मान उजव्यावर पडायलीय, दिसना का?"

"पडणारच, काका. दुखरा पाय टेकला की ती मान वर झटकते. चांगल्या पायावर सगळा भार घेते, म्हणून तिथं मान खाली जाते."

तिनं डावा खूर उचलून तळवा कोरला. काळा, घाण वासाचा पू भळकन बाहेर आला. घोडीनं लांब श्वास सोडला.

"ही बरी होईल, विकू नका," पट्टी बांधत डॉक्टर म्हणाली. मग उजव्या पायावरच्या डागांवरून तिनं बोट फिरवलं. "पण तोवर हिला यावरच उभं राहायचंय. आणि तुम्ही नेमका हाच भाजलात."

डॉक्टर गेल्यावर सूर्यभान तिथंच बसून राहिला. सगुणाबाई पाण्याची बादली घेऊन आली, नेहमीसारखी मान खाली घालून. तो त्या मानेकडे बघत राहिला. चार महिने सगळं घर तिनंच पेललं होतं.

"सगुणे, म्या उलटंच बघितलं गं."

"घोडीच्या पायाचं म्हणता व्हय?"

"न्हाई. तुझं."

सगुणाबाईनं मान वर केली. आषाढापासून दाबून ठेवलेला हंबरडा तिच्या तोंडून फुटला. सूर्यभानला अजूनही रडू येत नव्हतं. त्यानं तिच्या हातातली बादली घेतली आणि तिला ओट्यावर बसवलं.