एडनचं विमान

उकंडा पाटबंधाऱ्याच्या कामावरून रजा काढून आला, तेव्हा वामनराव पांढरकवड्याच्या शाळेत भूगोलाच्या वह्या तपासत होते. उकंडाची पोरगी प्रभावती नागपुरात नर्स झाली होती. आता तिला अरबस्तानातल्या एडनच्या दवाखान्यात नोकरी लागली होती आणि शनिवारी सकाळी नऊला तिचं विमान मुंबईहून सुटणार होतं. ती किती वाजता पोचेल, एवढंच उकंडाला हवं होतं. विमान तासाला दोनशे सत्तर मैल जातं, असं तिनं पत्रात लिहिलं होतं.

वामनरावांनी पृथ्वीगोलावर मुंबई ते एडन दोरा ताणला, मग तोच विषुववृत्तावर ठेवून अंश मोजले. सत्तावीस. एका अंशाचे एकोणसत्तर मैल.

"अठराशे त्रेसष्ट मैल. सात तासांत पोचते. म्हणजे आपल्या इथं चार वाजलेले असतील."

"चार म्हणजे चारच ना, गुरुजी?"

वामनराव हो म्हणाले. पोरीनं गोलावरचा एवढा निळा भाग एकटीनं ओलांडावा, याचा त्यांनाही अभिमान वाटत होता.

शनिवारी सहा वाजता वाचनालयातल्या रेडिओवर बातमी लागली. मुंबईहून पश्चिमेकडे निघालेल्या एका विमानाशी दुपारी पाऊण वाजता संपर्क तुटला होता. तेव्हा ते किनाऱ्यापासून हजारेक मैलांवर होतं. विमान कुठलं, ते सांगितलं नाही.

वामनरावांनी तिथल्याच वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडले. नऊ ते पाऊण, पावणेचार तास. गुणिले दोनशे सत्तर. एक हजार बारा. त्यांनी पुन्हा मांडून पाहिलं. तेच आलं.

सांगायचंच, असं ठरवून ते उकंडाच्या घरी गेले. अंगणात शेजारपाजारच्या बाया जमल्या होत्या. चार वाजल्यापासून उकंडाची बायको कौसल्या साखर वाटत होती. "पोचली आमची परभा," म्हणत तिनं त्यांच्याही तळहातावर साखर ठेवली. सगळे पाहत होते. वामनरावांनी ती तोंडात टाकली आणि काहीच न बोलता परत आले.

रविवारी उकंडा तारेचं विचारायला आला. परदेशातून तार यायला दोन दिवस लागतात, असं वामनरावांनी सांगितलं. उकंडा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला, मग गेला.

सोमवारी तार आली. इंग्रजी होती, म्हणून नवराबायको ती घेऊन शाळेतच आले. वामनरावांनी ती न दचकता वाचली. विमान समुद्रात पडलं होतं, कोणी वाचलं नव्हतं. त्यांनी ते मराठीत सांगितलं. उकंडा भिंतीला टेकून खाली बसला.

कौसल्यानं विचारलं, "तुमाले कवा मालूम झालं?"

"शनिवारी. तुमच्याकडे येण्याआधी."

ती म्हणाली, "किती वाजता झालं थे?"

"पाऊण वाजता."

"तवा मी जेवून राह्यली होती," ती म्हणाली.

उकंडानं तार घडी करून खिशात घातली. दोघं घराकडे निघाले. वामनराव मागोमाग चालू लागले. त्यांना कोणी या म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.