रखमाजींच्या नावाचा डबा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव चिडका आहे. जुनी भांडी शांत असतात, असं तुम्ही ऐकलं असेल. मी तसा नाही. मी एक जुना पितळी डबा आहे, कडीचा, घट्ट झाकणाचा. माझ्यावर दोन नावं आहेत. एक घासून पुसट झालेलं आणि दुसरं अजून स्पष्ट. पहिलं नाव जाऊन दुसरं येईपर्यंत मी जो त्रास भोगला, तो कुठल्या भांड्याच्या वाट्याला येऊ नये.

१९८१ साली रखमाजींनी मला जालन्याला एका कासाराच्या दुकानातून विकत घेतलं. दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा एक म्हातारा बसायचा. तो अक्षरागणिक पैसे घेई, म्हणून रखमाजींनी आडनाव गाळलं. म्हाताऱ्याने छिन्नीने ठक ठक करत माझ्या अंगावर टिंबांचं नाव काढलं : रखमाजी पुंजाराम, आष्टी. दुखलं, पण छाती फुगली. नाव असलेलं भांडं आणि नसलेलं भांडं यांत फरक असतो.

रखमाजींचं घर आष्टीपासून दोन कोसांवर, शेतातल्या वस्तीवर. बाजाराच्या दिवशी ते मला घेऊन आष्टीला दीपचंद शेठच्या किराणा दुकानात जात. माझ्या पोटात गूळ भरायचा आणि बाकीचं सामान पिशवीत. पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले. तेव्हा एके दिवशी त्यांनी मला शेठसमोर ठेवलं आणि म्हणाले, "शेठ, आता माझ्यानं चालवत न्हाई. हा डबा घेऊन कोण बी आलं तर माझ्या नावावर सामान देत जा. डबा आला म्हंजी मीच आलो समजा."

"बराबर," शेठ म्हणाले. "डबा म्हंजी रखमाजी. बिलकुल काळजी करू नका."

रखमाजींची तूर शेठच घेत. सामानाचे पैसे ते त्या तुरीतून कापून घेणार, असंही तिथेच ठरलं. सगळं ठरायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. पण हे कधी बंद करायचं झालं तर कसं करायचं, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं. पण डब्याला कोण विचारतो?

ती वर्षं मात्र मजेची होती. बाजाराला निघालेलं कोणीही मला उचलायचं. मी दुकानात दिसलो की शेठ गर्दीतूनही म्हणायचे, "रखमाजी आले का? आणा इकडं." मी रिकामा कधी परत येत नसे. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं धाडत नाहीत. काहीच नसलं तर गुळाचा खडा तरी टाकतात. रखमाजींची नात कौसल्या मला चिंचेने घासून लखलखीत करी आणि माझ्यात तोंड बघून वेडावून दाखवी.

१९९३ च्या हिवाळ्यात रखमाजी गेले. माझ्यावरचं नाव मात्र गेलं नाही.

त्यांचा मुलगा भुजंग ट्रकवर असे. शहागडच्या बाजूला गेला की महिना महिना येत नसे. घर त्याची बायको नंदाबाई चालवी. आणि शेजारीच राहत होता कारभारी, भुजंगचा चुलतभाऊ. "वैनी, दही न्यायला डबा देता का?" म्हणून तो मला घेऊन जायचा आणि दह्याऐवजी मी निघायचो आष्टीला. माझ्या नावावर चहापत्ती, सुपारी, बिड्यांची पुडकी, एकदा तर खोबऱ्याचं पोतं. येताना तो माझ्या तळाशी थोडा गूळ टाकून मला परत देई. भांडं रिकामं दिलं नाही, म्हणजे त्याचा धर्म पाळला गेला!

कौसल्या दहावी झाली होती. तिला जालन्याला नर्सचं शिकायचं होतं. प्रवेशाची फी आणि वसतिगृहाची अनामत तुरीच्या पैशांतून भरायची, असं नंदाबाईने ठरवलं होतं. चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये ती शेठकडे पैसे मागायला गेली, तर सामान कापून जे हातात आलं त्यात फी बसेना. कौसल्याची जागा गेली. घरी येऊन पोरगी माझ्याशेजारी चुलीपुढे बसली आणि ओंजळीत तोंड खुपसून रडली. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

नंदाबाई दुसऱ्याच दिवशी मला घेऊन दुकानात गेली. "शेठ, इथून पुढं या डब्यावर सामान देऊ नका."

शेठ वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर निदान भांडता आलं असतं! ते हात जोडून म्हणाले, "नंदाबाई, शब्द रखमाजींना दिला व्हता. ते येऊन म्हणतील तर बंद करतो."

"मामा वारले, शेठ. तुम्ही मातीला आल्ते की."

"आल्तो. म्हणून तर मोडता येत न्हाई. जित्या माणसाचा शब्द फिरतो. गेलेल्या माणसाचा मी कोण फिरवणार?"

मित्रांनो, अडचण बघा. चालू करणाऱ्यानेच बंद करायचं, आणि चालू करणारा तर सरणावर गेलेला. नंदाबाईने भुजंगला सांगून पाहिलं, तूर दुसऱ्याला घाला. तो म्हणाला, "आबांनी जोडलेलं माणूस हाय. कसं तोडू?" आणि ट्रक घेऊन निघून गेला.

मग तिने मला पेटीत घालून कुलूप लावलं. मला बरं वाटलं. अंधार होता, पण निदान मी कुणाचं नुकसान तर करत नव्हतो. कसलं काय! कारभारी दुकानात गेला आणि म्हणाला, "डबा घरी राह्यला, शेठ." शेठनी सामान दिलं. इतक्या वर्षांची ओळख होती, डबा दिसायलाच हवा असं थोडंच आहे!

हे कळल्यावर नंदाबाईने मला पेटीतून काढलं आणि शेठच्या पुढ्यात आदळलं. "हा घ्या. तुमच्यापाशीच ठेवा. डबाच न्हाई म्हणल्यावर रखमाजी कुठून येतील?" ती पाय आपटत निघून गेली. मी मनात म्हटलं, सुटलो.

आठ दिवस मी फळीवर होतो. नवव्या दिवशी शेठ म्हणाले, दुसऱ्याचं भांडं घरात ठेवून घेणं बरं नव्हे. आणि रिकामं तरी कसं धाडायचं? त्यांनी मला गुळाने गच्च भरलं, तो गूळ रखमाजींच्या नावावर मांडला आणि घरी पोचवायला कोणाच्या हातात दिलं, सांगा? कारभारीच्या! मला त्या दिवशी फुटून जावंसं वाटलं. पण पितळ फुटत नाही, नुसतं चेपतं.

नंदाबाईने गूळ पाहिला. मला परसात नेलं, विटेचा तुकडा घेतला आणि माझ्यावरचं नाव घासायला बसली. घासता घासता रडत होती, कारण ते नाव तिच्या सासऱ्याचं होतं आणि सासऱ्याने तिला लेकीसारखं वागवलं होतं. माझीही कातडी निघत होती, पण मी म्हणत होतो, घास बाई, अजून घास. संध्याकाळपर्यंत तिथे नुसता ओरखड्यांचा पट्टा उरला.

पुढच्या बाजाराला नंदाबाईने मला दुकानात नेऊन दाखवलं. शेठनी मला उलटसुलट पाहिलं आणि हळहळले. "अरेरे, नाव झिजलं की! पर नाव झिजलं म्हणून माणूस परका होतो का? द्या इकडं."

तेव्हा मी आशा सोडली.

पंचाण्णवचा मे महिना आला. कौसल्याला पुन्हा प्रवेश मिळाला होता. यंदा फी भरली नाही तर मात्र वय आणि जागा दोन्ही हातची जाणार होती. तुरीचे पैसे अजून शेठकडेच होते, जेमतेम पुरतील इतके. आणि नेमकं तेव्हाच कारभारीच्या पोराचं जावळ निघालं. गावजेवण, साखरेचं पोतं, तेलाचे डबे. सामान कुठून येणार हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. मला मात्र सांगायची गरज नव्हती.

नंदाबाई त्या आठवड्यात कागदपत्रांसाठी कौसल्याला घेऊन जालन्याला गेली होती. मला सोबत नेलं होतं, वाटेत भाकरी ठेवायला. कौसल्या म्हणाली, "आई, वसतिगृहात मी हाच डबा नेते. आजोबांचा हाय. पण नाव नसलं तर कोणी बी उचलंल."

मस्तगडाच्या बाजूला एक नाव घालणारा बसला होता. त्याने माझ्या जुन्या ओरखड्यांखाली नवी टिंबं मारली : कौसल्या भुजंग. आडनाव याही वेळी गाळलं.

मायलेकी वस्तीवर परतल्या आणि दुसऱ्या दिवशी कारभारी दारात. "वैनी, दही न्यायचं हाय." नंदाबाई शेतात होती. घरी पाहुणी आलेल्या तिच्या आईला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिने मला त्याच्या हाती दिलं. तो थेट बैलगाडी घेऊन आष्टीला. यादी वाचून दाखवली, मला पुढे सरकवलं.

शेठनी चष्मा लावला. माझ्यावर बोट फिरवत वाचलं. "कौसल्या भुजंग."

"डबा तोच हाय, शेठ!"

"डबा तोच हाय, दिसतंय मला. पर मालक बदलला. आजोबाचं भांडं नातीच्या नावावर गेलं, म्हंजी आजोबांचा शब्द पुरा झाला." त्यांनी रखमाजींच्या नावाचं पान उघडलं, हात जोडले आणि आडवी रेघ ओढली. "ह्या नावाचं खातं माझ्याकडं न्हाई."

"मंग मी सांगतो की! डबा घरी राह्यला समजा."

"कारभारी, मला नात वळखते, मी नातीला वळखतो. तिनं येऊन सांगावं."

एका वर्षाची विनवणी, कुलूप, आदळआपट, वीट, कशाकशाने जे झालं नाही, ते मूठभर टिंबांनी झालं. जुनं नाव नुसतं काढून भागत नव्हतं, त्याच्या जागी नवं लागत होतं. हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझी कातडी तरी वाचली असती!

कारभारीने मला रागाने ओसरीवर फेकलं आणि निघून गेला. नंदाबाई शेतातून आली. मला पाहून तिचा चेहरा उतरला. घाबरत घाबरत तिने झाकण काढलं. आत बघितलं. हात घालून चाचपलं.

"कौसल्ये," ती ओरडली, "अगं रिकामा आला! डबा रिकामा आला गं!"

मित्रांनो, आज मी जालन्यात एका दवाखान्यात असतो. परिचारिका कौसल्याबाई माझ्यात दुपारची भाकरी आणतात. माझं एवढंच ऐका. तुमचं नाव कुठे ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, पण ठेवतानाच विचारून घ्या की परत न्यायचं झालं तर कसं न्यायचं. आणि शेजारणीने भांडं रिकामं परत केलं तर लगेच नाक मुरडू नका. मला रिकामं पाहून एक बाई ओसरीवर बसून आनंदाने रडली होती.