मन्मथप्पांच्या तोंडातला पाईप

मी पाईप बोलतोय. एवढं ऐकलं की आमच्या परळीतली माणसं ठिबकच्या दुकानाकडं बोट दाखवतात, म्हणून आधीच सांगतो, मी पाण्याचा नाही, तंबाखूचा. मुठीत मावणारं लाकडी भांडं, त्याला काळी वाकडी नळी, आणि एका जागी ठेवलं की चैन न पडणारा जीव.

माझं लाकूड कुठल्या तरी परक्या डोंगरातल्या झुडपाच्या मुळाचं. तो डोंगर मला आठवत नाही. आठवतात ते चटर्जीसाहेब. औष्णिक केंद्रात यंत्रं बसवायला ते कलकत्त्याहून आले होते. जवळची तंबाखू संपली तेव्हा मला रिकामाच चघळत ते बाजारभर फिरले आणि मन्मथप्पांच्या दुकानापाशी थांबले.

अप्पा तेव्हा तरुण होते. दुकानात तपकीर, जर्दा आणि चुना लावून मळायची तंबाखू, बस. साहेबांनी मला त्यांच्या नाकाखाली धरलं. अप्पांनी डोळे मिटले.

"गोड हाय. पण गुळाचा वास न्हाई ह्यो. मनुका हायत का?"

साहेब खूश झाले. मग अप्पांनी निपाणीचं तंबाखूचं पान आणलं, त्यावर काकवीचा हलका हात फिरवला, मनुकांचं पाणी शिंपडलं, दगडाखाली दाबून सावलीत वाळवलं. पहिलं मिश्रण इतकं ओलं झालं की मी सारखा विझायचो. पुढचं इतकं कोरडं की साहेबांची जीभ पोळली. आणखी बऱ्याच खटपटींनंतर एका संध्याकाळी साहेब खुर्चीत मागं रेलले आणि तळाची राख होईपर्यंत मला ओढत राहिले. गाव सोडताना त्यांनी मला अप्पांच्या हातात ठेवलं. "अप्पा, इसको अब आपकी आदत लग गयी है."

तेव्हापासून मी अप्पांचा. सकाळी लिंगपूजा आटोपल्याशिवाय ते मला हात लावत नसत. भरताना तळाशी पान सैल, वर जरा दाबून. ओढायचं अगदी सावकाश, कारण घाई केली की तंबाखू नुसता चटका देते. थंडीत जास्त काळं, जड पान. उन्हाळ्यात हलकं, पिवळं. मला ओढता ओढता दारातून जाणाऱ्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या गाड्या बघत ते पुढच्या मिश्रणाचा विचार करायचे. त्यांच्या पत्नी शांतादेवी मात्र मी पेटलो की नाकाला पदर लावून खिडकी उघडायच्या.

पुढं गुटख्याच्या पुड्यांचे दिवस आले. मुलगा केदारनाथनं निम्म्या दुकानात मोबाईलची कव्हरं टांगली. तरी पाईपचे मोजके शौकीन टिकून राहिले. त्यातले घाटनांदूरचे हनुमानराव तर दर महिन्याला रेल्वेनं यायचे आणि आपली थैली भरून न्यायचे.

मग त्या साथीच्या वर्षी अप्पांना ताप आला. ताप उतरला, अप्पा उठले, आंघोळ-पूजा झाली, मला भरलं, पेटवलं. एक झुरका घेतला आणि मला तोंडातून काढून माझ्याकडं बघत राहिले.

तिथून माझे हाल सुरू झाले. अप्पांना वाटलं, मीच घाण झालोय. तारेला कापूस गुंडाळून त्यांनी माझी नळी साफ केली. पुन्हा केली. चाकूनं माझ्या पोटातली काजळी खरवडली, इतकी की लाकूड उघडं पडलं. हे पान भर, दोन झुरके, रिकामं कर. ते पान भर, झटक. मी एकदाही धड पेटलो नाही आणि एकदाही धड विझलो नाही. खुर्चीत बसले की त्यांचा पाय हलायचा. पान पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला फोनवर शिव्या. सून कावेरी एवढी शांत, तिच्यावरही, चहात आलं का घातलं नाहीस म्हणून ओरडले. आलं घातलेलं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अप्पा, तंबाखू तीच आहे, मीही तोच आहे! पण पाईपला आवाज कुठला?

एके दिवशी हनुमानराव आले आणि त्यांनी थैली फळीवर आपटली.

"अप्पा, ह्या खेपेला काय घातलंय? घरातली सगळी उठून बाहेर गेली."

"आमच्या मालात काय बी खोट न्हाई. तुमचीच जीभ गेली आसंल."

"जीभ? अप्पा, एवढ्या वर्षांत आसं बोलला नव्हता तुमी."

हनुमानराव थैली तिथंच टाकून निघाले. अप्पांनी हाक मारली नाही. त्यांच्या मुठीत मी करकरत होतो.

तेवढ्यात आतून शांतादेवी धावत आल्या. दुकानामागच्या चुलीवर दूध करपून घरभर धूर झाला होता.

"आवं, दूध जळून कोळसा झालं! तुमी हितंच बसलाव न्हवं?" म्हणत त्या थबकल्या. त्यांनी अप्पांकडं बघितलं. मग फळीवरची थैली उचलून नाकाला लावली.

"ह्याला बुरशी आलीय. तुमाला वास न्हाई आला?"

अप्पांनी मान खाली घातली. "शांता, मला कशाचाच वास येत न्हाई. तापापासून. ह्यो पाईप ओढतो तर नुसतं गरम वारं लागतंय."

"मंग सांगितलं कावून न्हाई?"

"वासच गेला तर मी ह्या दुकानात कोण?"

शांतादेवींनी पदर खोचला. मग त्यांनी पानांचे डबे पुढ्यात ओढले. एकेक डबा उघडून त्या वास घेऊ लागल्या. "ह्ये ओल्या गोणपाटावानी. टाका. ह्याला काकवी लई झाली. आन् ह्ये... ह्ये हुरड्याच्या आगटीवानी. लई चांगलं हाय."

अप्पा बघतच राहिले. "तुला कसं कळतंय?"

"नाकाला पदर लावून का होईना, जल्मभर वास मीच घेतला की तुमच्या धुराचा!"

दोघांनी मिळून नवीन मिश्रण केलं. हात अप्पांचे, नाक शांतादेवींचं. पान मुरल्यावर अप्पा स्वतः रेल्वेनं घाटनांदूरला गेले. सदऱ्याच्या खिशात मी होतो. त्यांची छाती धडधडत होती आणि तिच्याबरोबर मीही. हनुमानरावांनी "या" म्हटलं नाही, पण पाट सरकवला. अप्पा म्हणाले, "त्या दिशी चुकलं माझं. माझा वासच गेलाय, राव." आणि थैली पुढं केली.

हनुमानरावांनी आपला पाईप भरला. एक झुरका, मग दुसरा.

"ह्यो हात तुमचा न्हाई, अप्पा. तुमच्यापेक्षा बरा हाय. कुणाचा?"

"आमच्या घरातल्यांचा," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज इतका ताठ मी कधी ऐकला नव्हता.

आता अप्पा मला पेटवत नाहीत. "नुसत्या गरम वाऱ्यासाठी छाती कावून जाळायची?" म्हणतात. त्यांचा धुराचा जुना खोकला गेला. त्याचा मला आनंद आहे. खोटं कशाला बोलू, विस्तवाची आठवण मात्र जात नाही. कुणी काडी ओढली की मी फळीवर अस्वस्थ होतो.

पण नवीन पान येतं त्या दिवशी अप्पा मला रिकामाच तोंडात धरतात. समोर शांतादेवी डोळे मिटून ओंजळीतल्या पानाचा वास घेत असतात. तेवढ्या वेळात अप्पांचे दात मला असे करकचून आवळतात की वाटतं, आता नळी तुटली. कधी तुम्ही दुकानात आलात आणि आम्ही असे बसलेले दिसलो, तर कृपा करून हाक मारू नका, काही विचारू नका. उंबऱ्याबाहेर जरा थांबा.

शांतादेवी "हं, जमलंय" म्हणतात आणि मग कुठं अप्पांचे दात सैल पडतात.