पाय कुठे पडला

बांबूउडीत पोल घेऊन धावणाऱ्याला एक गोष्ट स्वतः कधीच दिसत नाही: उडी घेताना आपला पाय नेमका कुठे पडला. नजर तेव्हा वर असते. म्हणून प्रेक्षकांच्या कठड्याशी कोणीतरी विश्वासाचा माणूस लागतो. डेरिक पेनरसाठी तो माणूस शाळेपासून एकच होता, त्याचे वडील लायल.

युजीन शहराच्या मैदानावर ऑलिंपिकसाठी निवड चालू होती. पहिले तिघे जाणार होते आणि डेरिक चौथा होता. मागच्या दोन्ही निवडींतही तो चौथाच राहिला होता. पस्तिशीच्या गुडघ्यांना आता पुढची निवड झेपणार नव्हती. आडवा दांडा पावणेसहा मीटरवर होता. तो ओलांडला तर तिसरी जागा त्याची. तीनपैकी पहिला प्रयत्न मात्र फसला होता.

"पाय कुठे पडला, बाबा?"

"खुणेवर. तसूभर इकडेतिकडे नाही," कठड्यावर रेलून लायल म्हणाले. "पोलच मऊ पडतोय तुला. टणक घे."

डेरिकने टणक पोल घेतला. तो पुरता वाकलाच नाही; अर्ध्या वाटेवरून त्याने डेरिकला मागे धावपट्टीवर फेकून दिले.

"पाय चोख होता," लायल ओरडले. "घाबरलास की काय? तुझी आई जास्त उंच उडाली असती!"

त्यांच्या शेजारी मार्ला उभी होती, तिसऱ्या क्रमांकावरच्या मुलाची प्रशिक्षक. डेरिक कठड्याखाली आला तशी ती वाकून हळूच म्हणाली, "डेरिक, तुझा पाय खुणेच्या वीतभर पुढे पडतोय. दोन्ही वेळा."

"काय म्हणतेय ती?"

"काही नाही, बाबा. शुभेच्छा देतेय."

"तिच्या शुभेच्छा तिच्याच पोराला लखलाभ."

पण स्वतःच्या शिष्याची जागा जाईल हे ठाऊक असून ती खोटे कशाला सांगेल? सकाळी न्याहारीला लायलनी पाक पॅनकेकवर न ओतता टेबलावर ओतला होता, आणि दोघेही हसले होते. कॅन्ससहून येताना गाडीही त्यांनी डेरिकलाच चालवायला लावली होती. पाठ धरली म्हणाले होते.

शेवटच्या प्रयत्नाचे घड्याळ शून्याकडे उलटे धावत होते. 'मार्ला, या वेळी तू बघ,' एवढे म्हणायचे होते. पण वडील तिच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. अंदाजाने वीतभर मागे सरकून डेरिक धावला.

पाय पडला आणि अंगाला कळले, हा बरोबर पडला. पोल भरपूर वाकला, उलगडला, आणि दांडा त्याला स्वतःच्या खाली दिसला. पण दोन वाया गेलेल्या उड्यांनी अंगातला जोर नेला होता. उतरताना छाती दांड्याला निसटती लागली. दांडा थरथरला, क्षणभर थांबला, आणि त्याच्या मागोमाग गादीवर येऊन पडला.

"दांडा राहिला ना?" कठड्यावरून लायलचा आवाज आला. "डेरिक, राहिला ना रे?"

मार्लाने तोंड फिरवले. डेरिक उठून कठड्याशी गेला.

"नाही, बाबा. पडला."

लायलनी विचारले, "आणि पाय?"

"पाय अगदी बरोबर पडला होता."

"मग! सकाळपासून मी काय सांगतोय तुला?" लायल म्हणाले, आणि खाली उतरण्यासाठी पहिली पायरी पायाने चाचपू लागले.