दोऱ्याखालच्या चिरा

थोरलीने सुरीचं टोक दोऱ्याखाली घालून गाठ कापली, तसे साफ केलेल्या कोंबडीचे पाय सुटे झाले. दोरा बाजूला टाकता टाकता तिची नजर शेपटीजवळच्या कातडीवर गेली आणि हात थांबला. तिथे दोन चिरा होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. छोट्याशाच, पण पट्टी लावून मारल्यासारख्या सरळ.

"आज घाईत होतीस का गं?"

धाकटी बहीण मोरीपाशी कोंबड्यांची रिकामी टोपली विसळत होती. "का?"

"सुरी लागलीय इथे."

"लागली असेल." धाकटीने मान वर केली नाही.

थोरलीने दुसरी कोंबडी पुढ्यात ओढली. गाठ तीच, आईने दोघींना शिकवलेली, दोनदा पीळ देऊन घट्ट आवळलेली. असली गाठ जगात या दोघींशिवाय कुणाला जमत नसेल. ती कापली, तर खाली पुन्हा दोन चिरा. एकीला सुरी लागली म्हणावं तर दुसरीलाही तिथेच लागली? ती काही विचारणार, तेवढ्यात दार ढकलून दीर आत आला.

"वहिनी, हात धुवा आणि इकडे बघा. नाही, धुऊ नका, हातात घेऊनच बघा."

त्याने पिशवीतून एक अख्खी कोंबडी काढून ओट्यावर आपटली. नवरा गेल्यापासून खानावळ थोरलीची आणि या दिराची निम्मी निम्मी होती. चूल हिची, गल्ला त्याचा. माणूस वाईट नव्हता हो, पण त्याच्या डोक्यात एकदा किडा शिरला की तो बाहेर काढायला देवालासुद्धा जमलं नसतं. गेला महिनाभर एकच किडा वळवळत होता. धाकटीच्या कोंबड्या महाग, कंपनीच्या स्वस्त.

"कशी गुबगुबीत आहे बघा. ना दोरा, ना गाठ. यांचं सगळं मशीनवर. कातडीला दोन चिरा पाडायच्या, त्यात पाय खोचायचे, झालं काम!"

थोरलीने त्या चिरा पाहिल्या. तेच माप, तीच जागा.

दीर तिच्या पाटाकडे सरकला. "आणि तुमच्या बहिणीचा माल बघू."

थोरलीची सुरी दोनदा खाली आली. दोन्ही कोंबड्यांच्या शेपटीकडचे तुकडे, चिरांसकट, कचऱ्याच्या डब्यात पडले. आपण हे का केलं, ते तिचं तिलाही कळलं नव्हतं. मोरीतलं पाणी मात्र एकदम बंद झालं होतं.

"बघा की," ती म्हणाली. "बघायला काय पैसे पडतात?"

"बघून काय कळणार! काल तुम्हीच गिऱ्हाइकाला सांगत होतात ना, डोळे बांधा, पहिल्या घासाला सांगते घरची कोणती? मग बांधूया की. ओळखलीत, तर या विषयावर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही ओळखलीत, तर उद्यापासून माल कंपनीचा. बोला."

"मला निघायला हवं," धाकटी म्हणाली.

"अगं बस. तुझ्याच मालाची परीक्षा, आणि तूच चाललीस?"

नाही म्हणायची सोय उरली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते खरं, पण ही मूठ तिने स्वतःच चारचौघांत उघडायला काढली होती. बाहेर पाटीवर तिच्याच अक्षरात 'घरची कोंबडी' असं लिहिलेलं होतं आणि शेजारच्या खानावळीपेक्षा भाव चढा होता. लोक तो भाव देत होते, वर 'मावशी, तुमच्याकडची चवच वेगळी' असंही म्हणत होते. आणि धाकटीच्या घरात कमावणारे दुसरे हात नव्हते. त्या घराची चूल या चुलीवर पेटत होती.

कंपनीची कोंबडी दिराने स्वतः तोडली. कोयता असा चालवला की हाडांच्या कपच्या ओट्यावर उडाल्या. थोरली नेहमीसारखी सांध्यात सुरी घालून तुकडे सोडवत होती. दोन सारखी पातेली, सारखं पाणी, मसाला काही नाही, नुसतं मीठ. मिठाच्या डब्याला या स्वयंपाकघरात तिच्याशिवाय कुणी हात लावत नसे. हाताखालच्या बायका आल्या नि गेल्या, पण मीठ तिचंच. आज तिने दोन्ही पातेल्यांत चिमूट सोडली तेव्हा लक्ष बहिणीकडे होतं.

दीर स्टूल ओढून मध्येच पहाऱ्याला बसला. पाणी खदखदायला लागलं. थोरलीला एकच प्रश्न विचारायचा होता आणि तो नेमका या माणसासमोर विचारता येत नव्हता. धाकटी खिडकीपाशी बसून टोपलीची एक सुटलेली काडी पुन्हा पुन्हा आत खोचत होती. ती पुन्हा पुन्हा बाहेर येत होती.

गाढव कुठली, थोरलीच्या मनात आलं. मला फसवलंस? मला? पंगतीत वाढताना मी तुझं नाव घेऊन वाढते, आणि तू बाजारातून आणून त्यावर आईची गाठ मारतेस? राग इतका आला की झाकण उचलताना हात भाजला तरी ते तिच्या ध्यानात आलं नाही. आणि रागाच्या मागोमाग भीतीही आली. आपण आज हिच्या मालाला नाही म्हणालो, तर ही खाणार काय?

"टॉवेल तूच बांध गं," दीर धाकटीला म्हणाला. "मी ढिला बांधला असं नंतर नको."

धाकटीची बोटं गार होती. टॉवेल आवळताना ती केसांत अडकली आणि थोरलीला नको ते आठवलं. लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळताना राज्य नेहमी थोरलीवरच यायचं. सगळी पोरं हुलकावण्या द्यायची, कोनाकोपऱ्यात दडायची. धाकटी मात्र जिथे असेल तिथून हळूच खोकायची. बाकीच्यांना वाटायचं, बहिणीला मदत करते. खरं कारण थोरलीला ठाऊक होतं. अडगळीत एकटीने लपून राहायची धाकटीला भीती वाटायची.

"ही पहिली," दिराचा आवाज आला. थाळी ओट्यावर टेकली.

तिने तुकडा तोंडात घातला. जिभेला हाडाची कपची टोचली. कोयता! म्हणजे ही कंपनीची. मांसाची चव कळायच्या आधी थाळी कळली होती.

"ही दुसरी."

दुसऱ्या तुकड्याचा सांधा गुळगुळीत होता. हा तिच्याच सुरीचा. मांस मात्र तसंच, मऊ, पाणचट, दातांना काही कामच न देणारं.

म्हणजे जिंकलोच की आपण. 'दुसरी' एवढं म्हणायचं. दीर गप्प, बहीण सुखरूप, पाटी जागेवर. चोरीचा मामला, हळूहळू बोंबला. उद्या कानाला धरून विचारू धाकटीला काय विचारायचं ते. तिने बोलायला तोंड उघडलंसुद्धा.

"थांबा, घाई नको." दिराने पहिली थाळी पुन्हा पुढे सरकवली. "मागाहून तक्रार नको. ही परत एकदा घ्या."

तिने पहिल्या थाळीतला तुकडा उचलला आणि खिडकीकडून खोकला आला.

हळू, एकदाच.

थोरलीचा हात तोंडाशी थांबला. टॉवेलच्या आतल्या काळोखात तिने तो खोकला पुन्हा मनात ऐकला. ती चुकली नव्हती. कंपनीच्या थाळीवर धाकटी खोकली होती. मी इथे आहे, असं सांगत होती.

तिने तुकडा खाली ठेवला आणि टॉवेल डोळ्यांवरून ओढून काढला.

"फरक नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे दोन्ही सारख्याच. मला ओळखता येत नाही, भाऊजी."

 दीर भांडणाच्या तयारीने आला होता, आणि समोरून कुणी भांडलंच नाही तर माणसाची पंचाईत होते. त्याने एकदा थाळ्यांकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

"वाईट वाटून घेऊ नकोस बरं का. धंदा आहे हा. शेवटी... वहिनी, तुम्ही खरंच नाही ओळखलीत?"

"जीभ म्हातारी झाली असेल."

"असो. मग ठरलं. उद्यापासून कंपनीचा माल. पाटी तशीच राहू दे आणि भावही. तुम्हालाच कळत नाही, तर गिऱ्हाइकाला काय कळणार आहे?"

थोरली उठली. ओलं फडकं घेऊन ती बाहेर गेली आणि पाटीवरचा 'घरची' हा शब्द पुसून टाकला. एकदा पुसून खडू गेला नाही, म्हणून पुन्हा घासला. मग भावावरून फडकं फिरवलं.

"अहो, हे काय? नुकसान कुणाचं?"

"त्यांना कळत नाही म्हणून तर पुसायचं. आता शेजारच्यांचा भाव तोच आपला. तुम्ही लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे."

दीर पुटपुटत खडू शोधायला गल्ल्याकडे गेला.

थोरली आत आली. धाकटी तशीच बसली होती, टोपली मांडीवर घेऊन.

"कधीपासून?"

"रोग आला तेव्हापासून." धाकटीचा आवाज घोगरा होता. "आठवड्यात सगळी खुराडी रिकामी झाली, ताई. तुला सांगायलाच आले होते त्या दिवशी. तू बाहेर कुणाला तरी सांगत होतीस, माझ्या बहिणीच्या कोंबड्या म्हणजे काय विचारता. तोंड उघडेना माझं. म्हटलं, नवी पिल्लं वाढेपर्यंत... रोज चिरांचा तुकडा काढून गाठ मारायचे, आज घाईत राहिला."

"नि मी आज वाचवत होते तुला. एका शब्दाचं काम होतं. का खोकलीस?"

धाकटीने काडी सोडून दिली.

"किती दिवस लपून राहायचं? सापडायचं होतं मला."

 थोरलीला ओरडावं असं खूप वाटत होतं, रडावं असंही, आणि त्यातलं एकही नीट होईना. शेवटी तिने ओट्यावरची एक थाळी उचलून बहिणीपुढे ठेवली. पहिली की दुसरी, ते तिने पाहिलं नाही.

"खा. सकाळपासून पोटात काही नसेल तुझ्या."

धाकटीने डोळे पुसले, एक तुकडा खाल्ला. मग दुसऱ्या थाळीतला खाल्ला. मग जरा थांबली.

"ताई."

"काय?"

"मीठ कमी पडलंय."

थोरलीने चमच्याने दोन्ही पातेल्यांतलं पाणी चाखून पाहिलं. खरंच होतं. इतका वेळ ती फरक शोधत बसली होती आणि दोन्हीकडे जे नव्हतं, ते तिला कळलंच नव्हतं.

बाहेर दीर पाटीवर खडू घासत होता. थोरलीने फळीवरचा मिठाचा डबा काढला, क्षणभर हातात धरला, आणि बहिणीच्या पुढ्यात सरकवला.

"घाल मग," ती म्हणाली. "बघतेस काय?"