आईच्या मापाची सीट

आई गेल्यावर लेकीने व्हिडिओ कॉलवरून समुपदेशन घ्यायला सुरुवात केली आणि बाबांनी घरातले सगळे आवाज बंद केले. तिची वेळ झाली की ते टीव्ही लावायचे नाहीत, खोकला आला तर टॉवेलात तोंड खुपसून खोकायचे. हेतू चांगलाच होता. पण घर इतकं चिडीचूप व्हायचं, की दार लावूनही आपला शब्द न् शब्द बाहेर जातोय, हे तिला कळायचं. मग ती बाबांच्या कानावर पडलं तरी चालेल असंच बोलायची. झोप बरी लागते, कामात मन रमतं. दुःखावर वाचलेल्या पुस्तकांबद्दल मात्र भरभरून.

"पुस्तकांची ओळख छान करून देता तुम्ही," समुपदेशक बाई एकदा म्हणाल्या. "तुमची कधी करून देणार?"

तिला ते झोंबलं. पुढच्या खेपेलाही असंच झालं तर हे बंद करायचं, असं तिने मनाशी ठरवलं.

बाईंनीच सुचवलं होतं, घरात जमत नसेल तर गाडीत बसा. म्हणून ती खाली आईच्या छोट्या गाडीत जाऊन बसली. काचा वर केल्या, फोन समोर टेकवला, कानात इअरफोन घातले.

"अशा अंग चोरून का बसलात?" बाईंनी विचारलं.

तिचे गुडघे स्टिअरिंगला टेकले होते. "आई बुटकी होती. सीट तिच्या मापाची आहे."

"मागे सरकत नाही?"

"सरकते."

इथे दाराबाहेर कुणी श्वास रोखून बसलेलं नव्हतं.

"सरकवली की ही गाडी कुणाचीही होईल," ती म्हणाली. मग आईने दुखणं अंगावर काढलं त्याचा राग, बाबांसमोर गिळलेलं रडू, सगळं अर्धवट वाक्यांत, नाक पुसत बाहेर आलं. त्यातलं एकही वाक्य तिने कुठे वाचलेलं नव्हतं.

काचेवर टकटक झाली. बाबा पॉवर बँक घेऊन उभे होते.

तिने काच खाली केली.

"तुझं चार्जिंग नेहमी संपलेलं असतं. मी काही ऐकलं नाही हं."

ते तिच्याहून वीतभर उंच. तिने त्यांच्या गुडघ्यावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. "बाबा, बाजारात जाताना सीट मागे नाही घेत तुम्ही?"

"तुला चालणार नाही, असं वाटलं."

"मला वाटलं, तुम्हाला चालणार नाही. म्हणून हा पट्टा?"

"छे, वय झालं."

"बाबा."

"थोडंफार सीटमुळेही असेल," त्यांनी कबूल केलं. मग दार उघडून, एका हाताने टप धरून ते कसेबसे वाकले आणि सीटखालचा दांडा ओढला. सीट एक खाच मागे गेली.

"आज एवढंच," ती म्हणाली.

"एवढंच," तेही म्हणाले. "जा, बाईंना ताटकळत ठेवू नकोस."

ते वर गेले. थोड्या वेळाने खिडकीतून बातम्यांचा आवाज आला, पार खालपर्यंत.

"हा कसला गोंगाट?" बाईंनी विचारलं.

"बाबांनी टीव्ही लावलाय," ती म्हणाली. "पुढच्या वेळी घरूनच बोलते."