मोजून सहा पंखे

वेंग पेइलिंगने आजवर नापास केलेली यंत्रं एकावर एक रचली असती, तर तैवानातल्या सगळ्यात उंच डोंगरालाही मान वर करून बघावं लागलं असतं. गुइशानच्या त्या कारखान्यात सर्व्हर बनत, आणि तिच्या सहीशिवाय एकही दाराबाहेर पडत नसे.

आज तिच्या टेबलावर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कांगदादाचं काम होतं. प्रत्येक सर्व्हरच्या पोटात नखाएवढी एक चिप असते. मोठं यंत्र बंद पडलं, अडकलं, तरी ही जागी असते. तिच्यात एक छोटा वेब सर्व्हर असतो. त्याचं पान घरबसल्या उघडायचं, यंत्र किती तापलंय, पंखे फिरताहेत का ते बघायचं, आणि वाटलं तर यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं. बाकीचे कारखाने हा छोटा सर्व्हर विकत आणतात. कांगदादाने अकरा महिने बसून तो स्वतः लिहिला होता. इतका आटोपशीर, की तीन भाषांतली पानं भरूनही चिपमध्ये माणसाला दुपारची डुलकी काढता येईल, असं लोक सांगत. यातलं निम्मं खरं धरलं तरी पुष्कळ झालं.

पण कारखान्याच्या लियाव साहेबांनी त्याला बजावलं होतं, "पाचपर्यंत पेइलिंग पास म्हणाली तर यंत्रांत तुझा सर्व्हर बसेल. नाहीतर विकतचा बसवू आणि तुझा पुसून टाकू."

पेइलिंगने सकाळपासून दयामाया ठेवली नाही. यंत्र भट्टीत तापवलं, बर्फात गारठवलं. साठ जणांना एकदम पान उघडायला लावलं. नवं सॉफ्टवेअर चढत असताना मध्येच वीज तोडली, तीही तीस वेळा. दर वेळी मिनिटाभरात पान हजर, तोंड धुऊन आल्यासारखं.

"याला झालंय काय?" ती पुटपुटली.

"तुझा लळा लागलाय त्याला," चहात शिजवलेलं अंडं सोलत कांगदादा म्हणाला. इतर यंत्रांनी नीट वागावं म्हणून, तिथल्या रिवाजाप्रमाणे, त्यांच्यावर खाऊच्या हिरव्या पुड्या ठेवल्या होत्या. याच्या यंत्रावर एकही नव्हती. "माझं पोर खाऊ न मागता शहाण्यासारखं वागतं."

साडेचारला पेइलिंगने पाच नंबरची चिठ्ठी असलेला पंखा उपसला. पानावर लाल अक्षरं आली: पंखा ४ थांबला.

"कांगदादा, तुझ्या पोराला मोजता येत नाही."

तिने कागदावर 'नापास' लिहिलं. या शब्दाची तिला केवढी सवय, पण आज अक्षर बारीक आलं. दुपारपासून ते इवलंसं पान तिला मनातून आवडू लागलं होतं.

कांगदादा वाद घालायला आला नाही. "एवढंच कर," तो म्हणाला, "चिठ्ठ्या सोड, पंखे मोज."

तिने बोट ठेवत मोजले. एक, दोन, तीन. चौथ्याच्या जागी भोक, आणि हातातल्या पंख्यावर पाच. पुढचे सहा आणि सात. मोजून सहा पंखे, आणि चाराची चिठ्ठीच नाही.

दोघं खाली जोडणीच्या रांगेत गेली. चिठ्ठ्या लावणारी आचू मावशी मान वर न करता म्हणाली, "सोळा वर्षं झाली मला इथं. चार नंबर एकदाही चिकटवला नाही."

"मावशी, नकाशात चार आहे," पेइलिंग म्हणाली.

"असेल. नकाशा काढणाऱ्याने येऊन लावावा. लोकांच्या यंत्राला मरणाची चिठ्ठी मी का लावू?"

चार आणि मरण, त्यांच्या बोलीत दोन्हींचा उच्चार जवळजवळ एकच. रांगेतल्या सगळ्या बायांनी माना डोलावल्या. तिथं पेइलिंगचीही मात्रा चालेना.

"मावशीचं चुकलं नाही," कांगदादा म्हणाला. "पोराला इथली रीत शिकवायची राहिली."

वर येऊन त्याने एक छोटी फाइल उघडली. कुठल्या पंख्याला काय म्हणायचं, ते त्याने सर्व्हरच्या पोटात कोंबलं नव्हतं, एका साध्या तक्त्यात वेगळं ठेवलं होतं. तीन आकडे बदलले, फाइल यंत्रात पाठवली. यंत्र बंदसुद्धा करावं लागलं नाही. पेइलिंगने भोकात पंखा बसवून पुन्हा उपसला.

पंखा ५ थांबला.

तिने पंखा परत जागेवर बसवला. "अकरा महिन्यांपूर्वी तुला कसं सुचलं हे?"

"सुचलं नाही. नावं लोक देतात, आपण कोण ठरवणार?"

पाचला लियाव साहेब आले. "एक, दोन, तीन, पाच. चौथा पंखा कुठाय?"

"साहेब, लिफ्टने आलात ना?" पेइलिंग म्हणाली. "चाराचं बटण दिसलं का?"

साहेबांनी लिफ्टकडे पाहिलं आणि विषय सोडला. पेइलिंगने 'नापास' खोडलं, खाली मोठ्या अक्षरांत 'पास' लिहिलं आणि सही केली. पहिल्याच दिवशी तिच्या हातचा तो शब्द इतक्या वर्षांनी दिसला, की पाठवणी विभागाने अक्षराची खात्री करायला कागद दोनदा परत पाठवला.